बेदरकार वाहनचालन आणि दोन वर्षांची शिक्षा : माहीम-वांद्रे परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

माहीमची खाडी ओलांडून थेट वांद्र्यास जाण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात होडीचाच आधार होता. सर जमशेटजी जीजीभाय यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी सुमारे दीड लाख रुपयांची देणगी दिली आणि १८४५ साली माहीम कॉजवे वाहतुकीस खुला झाला. माहीममधून जाणाऱ्या मुख्य रस्त्यास आजही त्यांचेच नाव आहे. या घटनेनंतर अवघ्या पंधरा वर्षांनी, १८६० मध्ये, भारतीय दंड संहिता संमत झाली. सार्वजनिक मार्गावर बेदरकारपणे वा हयगयीने वाहन हाकणाऱ्यास कलम २७९ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा सांगण्यात आल्या. ज्या काळात दीड लाख रुपयांत खाडीवर मार्ग उभा राहत होता, त्या काळातील हजार रुपये ही सामान्यांच्या आवाक्याबाहेरची रक्कम होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्येही ही मर्यादा एक हजार रुपयेच आहे.

कायद्याचा शब्द आणि रस्त्यावरील वास्तव यांत पडत गेलेले हे अंतर प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. बेदरकार वाहनचालनामुळे होणाऱ्या मृत्यूस कायद्याने कोणती शिक्षा ठरवली, ती कशी टिकून राहिली आणि न्यायालयांनी तिच्या मर्यादेतून कोणता मार्ग काढला, याचा शोध माहीमच्या पलीकडच्या तीरावर घडलेल्या दोन प्रकरणांच्या आधारे येथे घेतला आहे.

घोडागाडीच्या काळातील कायदा

लॉर्ड मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ साली दंड संहितेचा मसुदा तयार केला. मानवी जीवाविषयी योग्य ती आस्था न दाखवणाऱ्या बेदरकार वा हयगयीच्या कृत्यामुळे मृत्यू घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद त्या मसुद्यात होती. १८६० च्या प्रत्यक्ष संहितेतून ती गळाली. ही उणीव १८७० च्या दुरुस्ती कायद्याने भरून काढली व कलम ३०४-अ अस्तित्वात आले. शिक्षेची कमाल मर्यादा मात्र मसुद्यातील, म्हणजे दोन वर्षांचीच राहिली.

त्या वेळी मुंबईच्या रस्त्यांवर बैलगाड्या, पालख्या आणि घोडागाड्या होत्या. घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये व विजेची ट्राम १९०७ मध्ये सुरू झाली. कलम ३०४-अ मध्ये वाहनाचा उल्लेखही नाही. विहीर उघडी टाकणारा, चुकीचे औषध देणारा आणि गाडी हाकणारा अशा सर्वांसाठी ते एकच कलम होते. या व्यापकतेचे परिणाम पुढे दूरवर पोहोचले. भोपाळ वायुदुर्घटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली आरोप याच कलमापर्यंत खाली आणले आणि २०१० मध्ये आरोपींना दोन वर्षांची शिक्षा झाली. हजारो मृत्यूंना आणि रस्त्यावरील एका मृत्यूस कायद्याच्या लेखी एकच कमाल शिक्षा होती.

मुंबई उच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ लावताना आरंभापासून सावध भूमिका घेतली. १९०२ सालच्या ओंकार रामप्रताप प्रकरणात सर लॉरेन्स जेन्किन्स यांनी असे सूत्र मांडले की, आरोपीचे कृत्य हे मृत्यूचे प्रत्यक्ष व निकटचे कारण असले पाहिजे. मृत्यूस कारणीभूत ठरलेल्या अनेक गोष्टींपैकी ते एक असणे पुरेसे नाही. मुंबईतील एका रंगाच्या कारखान्यास लागलेल्या आगीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली हेच सूत्र स्वीकारले. आरोपीच्या दृष्टीने ते न्याय्य असले, तरी अभियोग पक्षावरील पुराव्याचा भार त्यामुळे वाढला.

मोटारयुग आणि समांतर कायदा

मोटारींची संख्या वाढू लागल्यावर दंड संहितेत बदल न करता स्वतंत्र कायदे करण्याचा मार्ग शासनाने पत्करला. १९१४, १९३९ व १९८८ असे तीन मोटार वाहन कायदे झाले. धोकादायक वाहनचालनाचा गुन्हा १९३९ च्या कायद्यात कलम ११६ मध्ये होता. १९८८ च्या कायद्यात तो कलम १८४ मध्ये आला. मद्यपान करून वाहन चालवण्याविषयीच्या कलम १८५ ने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्क ही मर्यादा घातली. महाराष्ट्रात याच्या जोडीला १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदाही होता. त्यातील कलम ६६ नुसार रक्तातील मद्यार्क ०.०५ टक्के वा अधिक आढळल्यास निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येतो.

अशा रीतीने एकाच अपघातास तीन कायदे लागू होत असले, तरी माणूस मेल्यावर प्रश्न पुन्हा दंड संहितेकडे आणि त्या दोन वर्षांकडे येत असे. २००० साली दलबीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा वाहनचालकांना परिवीक्षेचा लाभ देऊ नये, असे स्पष्ट केले. न्यायालयास शिक्षेची मर्यादा वाढवता येत नव्हती; ती माफ न करणे एवढेच त्याच्या हाती होते.

माहीमच्या पलीकडे : दोन प्रकरणे

दक्षिण मुंबईची हद्द रस्त्यावर कोठे बदलते हे सामान्य मुंबईकरास माहीममध्ये सहज कळते, कारण ऑटोरिक्षास त्यापुढे शहरात प्रवेश नाही. बुधवारी चर्चमध्ये नोव्हेनासाठी येणारे भाविक आणि मखदूम अली माहिमी यांच्या दर्ग्यातील उरुसाची गर्दी यांमुळे हा पायी चालणाऱ्यांचाही रस्ता आहे. खाडीच्या उत्तरेस, वांद्र्यात, पदपथावर झोपणारे श्रमिक आणि मध्यरात्रीनंतर धावणाऱ्या मोटारी यांची गाठ पडते.

२८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे हिल रोडवरील एका बेकरीबाहेर झोपलेल्या व्यक्तींवर मोटार चढली. एकाचा मृत्यू झाला, चौघे जखमी झाले. एका चित्रपट अभिनेत्यावर खटला भरण्यात आला. कलम ३०४-अ लावायचे की दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद असलेले सदोष मनुष्यवधाचे कलम ३०४ भाग दोन, या एका प्रश्नावर हे प्रकरण सत्र न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत फिरले. मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा दिली. १० डिसेंबर २०१५ रोजी उच्च न्यायालयाने आरोप संशयातीतपणे सिद्ध न झाल्याने आरोपीची निर्दोष मुक्तता केली. घटनेपासून या निर्णयापर्यंत तेरा वर्षे लोटली होती.

दुसरे प्रकरण कार्टर रोडचे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे रस्त्याच्या कामावर असलेल्या व पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार गेली. सात जण मृत्युमुखी पडले व आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या मर्यादेच्या जवळजवळ चौपट, मद्यार्क आढळला. एप्रिल २००७ मध्ये सत्र न्यायालयाने कलम ३०४-अ खाली सहा महिन्यांची साधी कैद व पाच लाख रुपये दंड ठोठावला. सात जीवांसाठी सहा महिने, या हिशेबाने समाजमन अस्वस्थ झाले. राज्य शासनाच्या अपिलावर उच्च न्यायालयाने सप्टेंबर २००७ मध्ये चालकास कलम ३०४ भाग दोनखाली दोषी धरून तीन वर्षांचा सश्रम कारावास दिला. १२ जानेवारी २०१२ रोजी न्यायमूर्ती आर. एम. लोढा व न्यायमूर्ती जे. एस. खेहर यांच्या खंडपीठाने हा निर्णय कायम केला. मद्यप्राशन करून, पदपथावर माणसे झोपतात हे ठाऊक असताना बेदरकारपणे गाडी चालवणाऱ्यास संभाव्य मृत्यूची जाणीव होती असे मानता येते, हा या निर्णयाचा गाभा होय. तीन वर्षांची शिक्षा अपुरी असल्याचेही खंडपीठाने नमूद केले. परंतु ती वाढवण्यासाठी शासनाने अपील केलेले नसल्याने तिच्यात बदल केला नाही.

कायद्याचा शब्द न बदलता शिक्षेचा दर्जा बदलण्याचे काम येथे 'जाणीव' या एका संकल्पनेने केले. त्याच वर्षी, ३ ऑगस्टला, १९९९ च्या दिल्लीतील मोटार अपघाताच्या खटल्यातही सर्वोच्च न्यायालयाने कलम ३०४ भाग दोनच लागू केले. २०१२ च्या जानेवारीत पुण्यात स्वारगेट आगारातून एस. टी. बस पळवून नऊ जणांना चिरडणाऱ्या चालकाच्या बाबतीत तर थेट खुनाचे कलम लागले; त्याची फाशी २०१९ मध्ये जन्मठेपेत बदलण्यात आली. हयगय, जाणीव आणि हेतू अशा तीन पायऱ्यांवर एकच कृत्य, म्हणजे वाहन चालवणे, उभे राहू शकते हे महाराष्ट्रातील या खटल्यांनी दाखवून दिले.

पदपथावरील माणूस

या खटल्यांच्या चर्चेत मृत कोण होते हा प्रश्न सहसा मागे पडतो. ऑल्गा टेलिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली मुंबईतील पदपथवासीयांच्या उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले. माणूस पदपथावर राहतो तो काम जवळ असते म्हणून, हे त्या निकालाने ओळखले होते. कार्टर रोडवरील मजूर तर रस्ता तयार करण्यासाठीच तेथे आलेले होते. त्यांना रात्री निवारा देण्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर वाहनचालकास शिक्षा झाल्याने मिळत नाही. भरपाईचीही तीच स्थिती होती. वाहन न सापडल्यास मृताच्या कुटुंबास मिळणारी रक्कम मार्च २०२२ अखेरपर्यंत २५ हजार रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती दोन लाख रुपये झाली.

सुधारणा आणि विरोध

विधी आयोगाने २००९ च्या २३४ व्या अहवालात कलम ३०४-अ ची मर्यादा दहा वर्षांपर्यंत वाढवण्याची शिफारस केली. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८४ खाली पहिल्या गुन्ह्यास सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड अथवा दोन्ही, आणि कलम १८५ खाली पहिल्या गुन्ह्यास दहा हजार रुपये दंड अशी वाढ झाली. महाराष्ट्राने वाढीव तडजोड शुल्काची अंमलबजावणी मात्र डिसेंबर २०२१ पर्यंत लांबवली.

भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) ने हयगयीच्या मृत्यूची मर्यादा पाच वर्षे केली. १८७० पासूनची दोन वर्षांची मर्यादा १५४ वर्षांनी संपली. अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणाऱ्या कलम १०६(२) विरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये मालमोटारचालकांनी संप केला आणि संहिता लागू होताना ते उपकलम वगळण्यात आले. चालकांचे म्हणणे सर्वस्वी निराधार नव्हते. जमावाच्या रोषाची भीती मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नेही मान्य केलेली आहे. जखमीस रुग्णालयात नेण्याच्या कर्तव्यातून त्या कारणाने सूट मिळते. अल्प वेतनावर रात्रंदिवस गाडी चालवणारा मालमोटारचालक आणि मद्यपान करून आलिशान मोटार चालवणारा तरुण यांना एकाच मापाने मोजणे कितपत योग्य, हा प्रश्न या संपाने पुढे आणला.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, दोन वर्षांची मर्यादा घोडागाडीच्या काळात ठरली आणि मोटारयुग येऊन शतक उलटले तरी टिकून राहिली. संसदेने न केलेले काम न्यायालयांना अर्थनिर्णयातून करावे लागले. दुसरी, अर्थनिर्णयाचा हा मार्ग पुराव्याच्या बळावर चालतो. चार वर्षांच्या अंतराने, एकाच उपनगरात, समान स्वरूपाच्या घटनांत एकीकडे मुक्तता व दुसरीकडे कारावास झाला, याचे कारण सिद्ध होऊ शकलेल्या वस्तुस्थितीत आहे. म्हणून तत्काळ रक्ततपासणी, साक्षीदारांचे संरक्षण आणि खटल्याचा वेग यांचे महत्त्व शिक्षेच्या वर्षांइतकेच आहे. तिसरी, कायद्याने आपले लक्ष चालकाच्या मनावर केंद्रित केले; रस्त्यावर झोपणाऱ्या माणसाच्या निवाऱ्याकडे व त्याच्या कुटुंबाच्या भरपाईकडे त्या मानाने कमी लक्ष दिले.

माहीमचा सेतुमार्ग एका देणगीतून उभा राहिला, कारण पलीकडे जाणाऱ्यांच्या जीविताची काळजी कोणीतरी आपली मानली. त्या मार्गावरून आणि त्यापुढील रस्त्यांवरून जाणाऱ्या, तसेच त्यांच्या कडेला झोपणाऱ्या प्रत्येकाच्या जीविताची तितकीच काळजी कायद्याने घेणे, ही शिक्षेच्या कोणत्याही सुधारणेची खरी कसोटी होय.