दिनविशेष : २ ऑगस्ट १८८६ – परळला गुरांच्या डॉक्टरांची शाळा

मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना आजच्या दिवशी, १८८६ साली परळला झाली. विशेष म्हणजे इथे दवाखाना आधी आला आणि वर्ग मागाहून भरले. गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून उभे राहिलेले जनावरांचे रुग्णालय त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांच्या नावाने चालते. त्याच्याच सोबतीने महाविद्यालय सुरू झाले. ही जोडणी फार शहाणपणाची होती. लंगडणारा घोडा, खांदा सोललेला बैल समोर उभा असल्याशिवाय हे शास्त्र हाताला येत नाही. मुंबईला त्याची निकडही होती. १८७४ पासून शहरातली ट्राम घोडेच ओढत होते. माल वाहायला बैलगाड्या होत्या. पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील. घोडे, खेचरे आणि उंटांना पोखरणाऱ्या ‘सर्रा’ या रोगाचा त्यांनी अभ्यास केला होता. १८९१ मध्ये ते वारले. महाविद्यालयाला त्यांची जेमतेम पाच वर्षे लाभली, पण घडी तेवढ्यात बसली. सध्या हे महाविद्यालय नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेले आहे.