काय वगळावे, काय वगळू नये

१९८१ साली अमेरिकेत ‘ऑस्बोर्न १’ हा संगणक ‘सोबत नेण्याजोगा’ म्हणून विकला गेला. त्याचे वजन होते जवळपास ११ किलो. मिटल्यावर तो शिवणयंत्राच्या पेटीसारखा दिसे, विमानात आसनाखाली मावे. पण पडदा जेमतेम ५ इंची आणि आत बॅटरी नाही, म्हणजे वीज असेल तिथेच काम. दोनच वर्षांनी आलेला ‘टीआरएस-८० मॉडेल १००’ दीड किलोच्या आतबाहेर होता आणि चार पेन्सिल सेलवर सुमारे वीस तास चाले. पडद्यावर अवघ्या आठ ओळी दिसत, फ्लॉपी ड्राइव्ह नव्हता. मात्र कळफलक पूर्ण आकाराचा होता आणि टेलिफोनवरून मजकूर पाठवायला मोडेम आतच बसवलेला होता. म्हणून तो बातमीदारांच्या हाती रुळला. हलक्या लॅपटॉपच्या पुढच्या चाळीस वर्षांचे सार या दोन यंत्रांत आहे: वजन उतरते ते काहीतरी वगळल्यामुळे, आणि यंत्राचा उपयोग ठरतो तो काय वगळले यावर.

ॲपल कंपनी हा धडा महागात शिकली. १९८९ च्या ‘मॅकिंटॉश पोर्टेबल’मध्ये उत्तम पडदा, ऐसपैस कळफलक, शिसे-आम्लाची दमदार बॅटरी असे सगळे होते, वजनही ७ किलोंच्या पुढे गेले आणि खप बेताचाच राहिला. १९९१ च्या ‘पॉवरबुक १००’ने फ्लॉपी ड्राइव्ह बाहेर काढला, तो लागेल तेव्हा जोडायचा. वजन आले २.३ किलोवर. २००७ चा ‘ईईई पीसी’ तर किलोभराच्याही आत होता. पण त्यात आखडले गेले ते पडदा आणि कळफलक, म्हणजे दिवसभर ज्यांच्याशी गाठ तेच भाग. काही वर्षांतच अशा छोट्या लॅपटॉपांचा, म्हणजे नेटबुकांचा, जोर ओसरला. टॅब्लेटने त्यांची जागा घेतली हे खरेच, पण ती इतक्या सहज घेता आली, कारण नेटबुकवर मोठे काम निभतच नव्हते.

यावर कोणी म्हणेल, हा जुना इतिहास झाला. लिथियम-आयन बॅटरी आणि कमी वीज खाणाऱ्या चिपांनी ही ओढाताण संपवली. २०२० च्या ‘एम१’ चिपच्या मॅकबुक एअरला पंखाही लागत नाही आणि वजन १.२९ किलो. आक्षेपात तथ्य आहे. पण वगळणे थांबलेले नाही, ते डोळ्यांआड गेले आहे. २००८ च्या पहिल्या एअरमधून सीडी ड्राइव्ह गेला तेव्हा ओरड झाली, तरी तो बाहेरून जोडता येत होता. त्याच यंत्रात मेमरी बोर्डावरच डाख देऊन बसवली होती, आणि ती उणीव बाहेरून भरून काढता येत नाही.

म्हणून कामासाठी आणि प्रवासासाठी लॅपटॉप निवडताना किलो-ग्रॅमची तुलना नंतर करावी. जे क्वचित लागते आणि बाहेरून जोडता येते, ते खुशाल सोडावे. कळफलक, पडदा आणि बॅटरीचे तास यांत तडजोड करू नये. मेमरी पुढे वाढवता येणार नसेल, तर ती पुढच्या पाच वर्षांचा विचार करून आजच घ्यावी. खांद्यावरचे दोनशे ग्रॅम प्रवास संपला की उतरतात. अपुरी मेमरी मात्र यंत्र बदलेपर्यंत रोज आडवी येते.