सायटेशनचा आकडा आणि प्रा. वेंकटरामन

नात्यातली संशोधन करणारी मुलं जमली की हल्ली पगाराआधी सायटेशनची चौकशी होते. आपल्या शोधनिबंधाचा संदर्भ पुढे किती निबंधांत दिला गेला, त्याची ही मोजदाद. अमेरिकेत यूजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये अशी सूची काढली. २००५ मध्ये हिर्श यांनी 'एच-इंडेक्स' आणला: वीस निबंधांना प्रत्येकी निदान वीस संदर्भ असले, पण एकवीस निबंधांना एकवीस नसले, तर आकडा वीस.

माझं आयुष्य शाळेत गेलं, रसायनशास्त्र माझा प्रांत नव्हे. पण हा आकडा ऐकला की मला प्रा. कृष्णस्वामी वेंकटरामन आठवतात.

जन्म १९०१, मद्रासचा. मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्याकडे संशोधन करून ते लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात शिकवू लागले. फुलापानांत फ्लेवोन नावाची पिवळसर द्रव्यं असतात. ती प्रयोगशाळेत बनवण्याची एक वाट त्यांना सापडली. अल्कली घातला की रेणूतला एक गट ऑक्सिजनला सोडून शेजारच्या कार्बनला जाऊन चिकटतो. पुढे आम्लाने फ्लेवोन तयार होतं. महल या सहलेखकासोबत त्यांनी हे १९३३ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापलं. त्याच वर्षी इंग्लंडात विल्सन बेकर यांनाही स्वतंत्रपणे तेच दिसलं. म्हणून तिचं नाव बेकर-वेंकटरामन पुनर्रचना. महल मात्र नावातून गळाले!

आता गंमत पाहा. अभिक्रिया पाठ्यपुस्तकात गेली की मूळ निबंध शोधायला फारसं कोणी जात नाही. नुसतं नाव घेतलं की भागतं. म्हणजे काम जितकं सर्वांचं होतं, तितकी मूळ निबंधाची मोजणी थांबते.

दुसरी गोष्ट आपल्या मुंबईतली. १९३८ मध्ये वेंकटरामन यूडीसीटीचे (आजची माटुंग्याची आयसीटी) पहिले भारतीय संचालक झाले. गिरण्यांच्या या शहरात रंगांचं रसायन ही चैन नव्हती, गरज होती. तिथे शिकलेली मुलं रंगांच्या आणि औषधांच्या कारखान्यांत गेली. आमच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातही पुढे रासायनिक कारखाने उभे राहिले. कारखान्यात वापरलेल्या ज्ञानाला तळटीप नसते, त्यामुळे ते कुठल्याच सूचीत येत नाही.

त्यांचा 'केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज' हा ग्रंथ १९५२ ते १९७८ या काळात आठ खंडांत निघाला. पुढचे खंड त्यांनी अनेकांकडून लिहवून घेऊन संपादित केले. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. १९६६ मध्ये त्यांच्यानंतर ती खुर्ची मिळाली त्यांचेच विद्यार्थी बाळ दत्तात्रेय टिळक यांना. टिळकांनी निवृत्तीनंतर ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचं काम हाती घेतलं. त्याचा एच-इंडेक्स कसा काढणार?

आकडा टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. कोणतं नियतकालिक मागवावं, कोणाचं काम कोणी पुढे नेलं, हे त्यातून कळतं. पण नेमणूक, बढती आणि माणसाची किंमत त्या एकाच आकड्यावर ठरू लागली, तर शिकवण्यात आणि ग्रंथ लिहिण्यात वर्षं घालवायला उद्या कोण तयार होईल?

असो. वाचकांपैकी कोणी माटुंग्याला शिकलं असेल, तर तिथल्या शिक्षकांच्या आठवणी जरूर लिहून कळवा.