अल्टिमेट टीम कॉइन

‘ईए’ या अमेरिकी कंपनीच्या फुटबॉल व्हिडिओ गेममधील ‘अल्टिमेट टीम’ या विभागात चालणारे आभासी चलन. हा गेम पूर्वी ‘फिफा’ नावाने निघे; २०२३ पासून तो ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ या नावाने निघतो. खऱ्या फुटबॉलपटूंची कार्डे जमवून संघ उभा करायचा आणि त्याच्यासह सामने खेळायचे, असे या विभागाचे स्वरूप आहे. कार्डे मिळण्याच्या मुख्य वाटा दोन : बंद पॅक उघडणे, किंवा ‘ट्रान्सफर मार्केट’ या बाजारातून इतर खेळणाऱ्यांकडून विकत घेणे. बाजारातला सगळा व्यवहार कॉइनमध्येच होतो.

ही कल्पना प्रथम २००७ मध्ये, याच कंपनीच्या चॅम्पियन्स लीगवरील गेममध्ये आली. ‘फिफा ०९’ला ती मार्च २००९ मध्ये वेगळे पैसे मोजून घ्यायची जोड म्हणून मिळाली आणि पुढे मूळ गेमचाच भाग झाली.

कॉइन सामने खेळून, उद्दिष्टे पूर्ण करून आणि कार्डे विकून मिळतात. ‘पॉइंट्स’ हे दुसरे चलन खऱ्या पैशांनी घ्यावे लागते. पॅक दोन्हींपैकी कशानेही उघडता येतो, परंतु पॉइंट्सचे थेट कॉइन करता येत नाहीत. पॅकमधून निघालेले कार्ड विकले तरच पैशाचे कॉइन होतात. त्यामुळे कार्डांची आवक बऱ्याच अंशी लोक किती पैसे ओततात यावर ठरते, आणि ते कधी ओतायचे याची वेळ कंपनी ठरवते. नाणी पाडणारा, कर वसूल करणारा आणि मालाचा एकमेव उत्पादक असे तिन्ही अधिकार एकाच हाती असल्यामुळे या बाजाराला मुक्त म्हणणे धाडसाचे ठरेल.

प्रत्येक विक्रीवर ५ टक्के कर कापला जातो आणि ते कॉइन चलनातून कायमचे बाद होतात. दहा हजारांना घेतलेले कार्ड साडेदहा हजारांना विकले, तर ५२५ कॉइन करात जाऊन हाती ९,९७५ येतात, म्हणजे पंचवीसचा तोटा. या टप्प्यावर भाव २५०च्या पटीने वाढत असल्याने फायद्यासाठी किमान १०,७५० मिळवावे लागतात. घाऊक फेरविक्री करणाऱ्यांचे सारे गणित या फटीत बसवलेले असते. किमान ‘बाय नाऊ’ किंमत २०० कॉइन, तर कमाल दीड कोटी.

भावांचा वार्षिक कल ठरलेला आहे. सप्टेंबरच्या अखेरीस नवी आवृत्ती आली की कोणाकडेच फारसे कॉइन नसतात, तरीही पहिल्या काही आठवड्यांत मोजकी चांगली कार्डे प्रचंड महाग असतात. नोव्हेंबरात ‘ब्लॅक फ्रायडे’ला मर्यादित काळाच्या पॅकचा मारा होतो. जानेवारीत ‘टीम ऑफ द इयर’ आणि वसंत ऋतूच्या अखेरीस ‘टीम ऑफ द सीझन’ ही खास कार्डे येतात. त्याआधीच घबराट सुरू होते : लोक संघ विकून रोकड धरून बसतात आणि प्रत्यक्ष पॅक येण्यापूर्वीच भाव कोसळतात. ऑक्टोबरमध्ये स्वप्नवत वाटणारे कार्ड मे महिन्यात किरकोळ होते, कारण तोवर त्याहून सरस खास कार्डांचा पूर आलेला असतो. गंमत अशी की या काळात लोकांच्या खात्यांतले कॉइन वाढतच असतात. चलन वाढते आणि माल स्वस्तही होतो, कारण माल चलनापेक्षा वेगाने शिळा होतो. पुढच्या आवृत्तीत कॉइन नेता येत नाहीत. सगळे पुन्हा शून्यापासून.

आठवड्याचाही एक ठेका आहे. बहुतेक आवृत्त्यांत गुरुवारी बक्षिसांचे पॅक उघडले जातात, आवक वाढते आणि भाव उतरतात. मग वीकेंडच्या स्पर्धेसाठी संघ जुळवण्याची घाई होते आणि चांगले खेळाडू पुन्हा वधारतात. गेममधली नवी सामग्री ब्रिटनच्या वेळेप्रमाणे संध्याकाळी सहाला येते. म्हणजे पुण्या-मुंबईतल्या खेळणाऱ्याला उन्हाळ्यात रात्री साडेदहाला आणि हिवाळ्यात साडेअकराला बाजारावर नजर ठेवावी लागते. दुसऱ्या दिवशीच्या शाळेचा किंवा ऑफिसचा विचार या वेळापत्रकात नाही.

‘फिफा १७’मध्ये ‘स्क्वाड बिल्डिंग चॅलेंज’ आल्यावर भावांची रीतच बदलली. येथे ठरावीक रेटिंगचा संघ कायमचा देऊन टाकायचा आणि बदल्यात पॅक किंवा खास कार्ड घ्यायचे असते. त्यामुळे मैदानात कोणी उतरवणार नाही अशा संथ, वयस्क, परंतु ८६-८७ रेटिंगच्या खेळाडूंनाही गिऱ्हाईक मिळाले. अशा कार्डांना ‘फॉडर’ म्हणतात. मोठे आव्हान आले की फॉडर काही मिनिटांत भडकते, आणि पुढच्या आव्हानाचा अंदाज बांधून साठा करून ठेवणारेही तयार झाले आहेत. ‘फुटबिन’सारखी संकेतस्थळे प्रत्येक कार्डाच्या भावाचा आलेख दाखवतात. एरवी आलेखाकडे ढुंकून न पाहणारी मुलेही हे आलेख बारकाईने वाचतात.

पूर्वी प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स यांचे बाजार स्वतंत्र होते व एकाच कार्डाचा भाव दोन ठिकाणी वेगळा असे. ‘फिफा २३’पासून ते एकत्र झाले, पीसीचा मात्र वेगळाच राहिला.

कॉइनची रोख पैशांत विक्री नियमांनुसार निषिद्ध आहे, तरी तिचा काळा बाजार जुना आहे. पूर्वीची युक्ती सोपी होती : गिऱ्हाइकाने एखादे टाकाऊ ब्राँझ कार्ड अवाच्या सवा किमतीला लावायचे आणि विक्रेत्याने ते विकत घ्यायचे. हे रोखण्यासाठी मार्च २०१५ मध्ये प्रत्येक कार्डाला किमान व कमाल किंमत बांधून देण्यात आली. उपाय अर्धाच लागू पडला. कमाल मर्यादा कमी पडली की कार्ड बाजारातून अदृश्य होते आणि कंपनीने मर्यादा उचलेपर्यंत परत येत नाही. काळ्या बाजारातला कॉइनचा पैशातला दर आवृत्तीच्या आरंभी सर्वाधिक असतो व वर्षभर घसरत जातो.

न्यायालयांपर्यंतही हा विषय गेला. सामने खेळल्याचे खोटे संदेश कंपनीच्या सर्व्हरला पाठवून कॉइन उकळणाऱ्या टोळीतील एकाला नोव्हेंबर २०१६ मध्ये टेक्ससच्या फोर्ट वर्थ येथे दोषी ठरवण्यात आले. कॉइन लावून जुगार खेळवणाऱ्या संकेतस्थळाबद्दल ब्रिटनमध्ये २०१७ मध्ये दोघांना दंड झाला. मार्च २०२१ मध्ये कंपनीतल्याच कोणीतरी दुर्मीळ कार्डे परस्पर रोखीने विकल्याचा आरोप झाला. त्यानंतर कर्मचाऱ्यांनी खात्यांत मर्जीने कार्डे देण्याची सोय बंद करण्यात आली. पॅक म्हणजे जुगार, असे बेल्जियमच्या नियामकाने २०१८ मध्ये ठरवले आणि जानेवारी २०१९ अखेर तेथे पॉइंट्सची विक्री थांबली. नेदरलँड्समध्ये याच कारणावरून कंपनीला एक कोटी युरोंचा दंड लागला होता, तो मार्च २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने रद्द केला. या वादांमागे मोठा पैसा आहे : मार्च २०२१ अखेरच्या आर्थिक वर्षात, फुटबॉलसह सर्व खेळांच्या ‘अल्टिमेट टीम’मधून कंपनीला सुमारे १६२ कोटी डॉलर मिळाले.