सोडून दिलेला सामना

अमेरिकेतल्या ‘यूएसएल चॅम्पियनशिप’ या फुटबॉल लीगच्या २०२० च्या निकालांत ३० सप्टेंबरला सॅन डिएगो लॉयल विरुद्ध फिनिक्स रायझिंग असा एक सामना आहे. विजेता फिनिक्स. मध्यंतराला सॅन डिएगो ३-१ असा पुढे होता, हे गुणतक्त्यावरून कळायला मार्ग नाही. दिवसभर डेटाबेसशी झटापट करणाऱ्या माझ्यासारख्याला याचं नवल वाटायचं कारण नाही. रकान्यात शेवटची किंमत तेवढी राहते, ती तिथवर कशी पोचली ते पुसलं जातं. पण या एका रकान्यामागे काय पुसलं गेलं ते सांगायला हवं, आणि त्यासाठी कॉलिन मार्टिन नावाच्या एका मिडफिल्डरची कारकीर्द सांगावी लागेल.

मार्टिन १९९४ चा, वॉशिंग्टनला लागून असलेल्या मेरीलँडमधला. डी.सी. युनायटेडच्या अकादमीत वाढला, वेक फॉरेस्ट विद्यापीठाकडून एक मोसम खेळला आणि २०१३ मध्ये क्लबने त्याला करारबद्ध केलं. घरच्या क्लबने घडवलेला पोरगा, थेट मेजर लीग सॉकरमध्ये, म्हणजे देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये. इथपर्यंत सगळं स्वप्नासारखं. नंतर मात्र त्याच्या वयाच्या बहुतेकांचं होतं तेच झालं. मुख्य संघात जागा नाही, मग रिचमंड किकर्सकडे ‘लोन’वर. हे लोन प्रकरण आपल्या आयटीवाल्यांना समजावून सांगायला नको. पगारपत्रक एका कंपनीचं आणि काम दुसऱ्याच क्लायंटकडे, बोलावणं आलं की बॅग भरायची!

आता थोडं रचनेबद्दल, कारण त्याशिवाय पुढच्या गोष्टीचं वजन कळणार नाही. इंग्लंडमध्ये खालच्या श्रेणीतला क्लब जिंकत गेला तर वर चढतो. एखाद्या गावातला क्लब दहाएक वर्षांत कुठल्या कुठे पोचू शकतो, निदान तशी आशा तरी धरता येते. अमेरिकेत तसं नाही. मेजर लीगची दारं बंद असतात. आत जायचं तर मालकाने प्रवेशशुल्क भरून जागा विकत घ्यायची. मिनेसोटा युनायटेड २०१७ मध्ये असाच वरच्या लीगमध्ये आला (आणि त्याच वर्षी मार्टिनही डी.सी. सोडून त्यांच्याकडे गेला). म्हणजे दुसऱ्या श्रेणीतल्या संघाने सगळे सामने जिंकले तरी पुढच्या वर्षी तो दुसऱ्याच श्रेणीत. अशा ठिकाणी खेळाडूला मोसमातून मिळण्यासारखं एकच असतं : बाद फेरी. तिथपर्यंत पोचलात तर आणखी काही सामने, थोडं नाव, पुढच्या कराराची बोलणी करताना सांगायला काहीतरी. खालच्या लीगमधला एकेक गुण त्यामुळे फार महाग असतो.

२९ जून २०१८. मिनेसोटाच्या मैदानावर त्या रात्री ‘प्राइड नाइट’ होती. त्या दिवशी मार्टिनने आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं. सहकाऱ्यांना ते आधीपासून माहीत होतं, जगाला त्या दिवशी कळलं. अमेरिकेतल्या मोठ्या पुरुष व्यावसायिक लीगमध्ये त्या घडीला उघडपणे समलिंगी असलेला तो एकमेव सक्रिय खेळाडू होता. (आपल्याकडे कलम ३७७ चा निकाल आला त्याच वर्षी, सप्टेंबरमध्ये.) पण जाहीर केल्याने मैदानातली जागा पक्की होत नसते. २०१९ मध्ये तो पुन्हा लोनवर, यावेळी हार्टफर्डला. २०२० मध्ये सॅन डिएगो लॉयलमध्ये.

लॉयल हा त्याच वर्षी खेळायला लागलेला क्लब. प्रशिक्षक लँडन डोनोव्हन, अमेरिकेचा सगळ्यात नावाजलेला फुटबॉलपटू. मैदान विद्यापीठाचं, टोरेरो स्टेडियम, सहा हजारांच्या आसपास क्षमतेचं. त्यात कोविड, म्हणजे खुर्च्या रिकाम्याच.

२३ सप्टेंबरला लॉस एंजलिस गॅलक्सीच्या दुय्यम संघाशी सामना १-१ असा सुटला. त्यात गॅलक्सीच्या एका खेळाडूने लॉयलच्या एलायजा मार्टिनला (आडनावाचा योगायोग) वर्णद्वेषी शिवी दिली. सामना संपेपर्यंत संघातल्या बहुतेकांना याचा पत्ता नव्हता. कळल्यावर लॉयलने ठरवलं की त्या सामन्यातला आपला एक गुण आपल्याला नको. बाद फेरीची चुरस चालू असताना! गॅलक्सीने त्या खेळाडूला काढून टाकलं आणि लीगने त्याच्यावर बंदी घातली.

पुढचा सामना फिनिक्सशी. साखळीतला शेवटचा. लॉयलने ठरवून ठेवलं होतं की एकाहत्तराव्या मिनिटाला खेळ थांबवून निषेधाचा फलक धरायचा. एकाहत्तरावं मिनिट आलंच नाही. पहिल्या डावाच्या शेवटी फिनिक्सच्या एका खेळाडूने कॉलिन मार्टिनला जमैकन बोलीतली एक शिवी दिली, समलिंगी पुरुषांसाठीची. रेफ्रीला तिचा अर्थ लागला नाही. मार्टिन समजावून सांगायला गेला, तर तो आपल्यालाच काहीतरी बोलतोय असं समजून रेफ्रीने त्यालाच लाल कार्ड दाखवलं. नंतर ते मागे घेतलं. ज्याला शिवी बसली त्यानेच तिचा अर्थ सांगायचा आणि सांगितला म्हणून शिक्षाही त्यालाच. सगळ्या प्रकरणात मला हीच जागा सर्वांत बोचते.

डोनोव्हनने रेफ्रीशी आणि फिनिक्सच्या प्रशिक्षकाशी हुज्जत घातली. ती चित्रफितीत आहे. त्याची मागणी साधी होती : त्या खेळाडूला रेफ्रीने बाहेर काढावं किंवा त्याच्या प्रशिक्षकाने, म्हणजे आम्ही पुढे खेळतो. दोन्ही झालं नाही. मैदानावर ईर्ष्येत असं चालतंच, असा समोरच्या प्रशिक्षकाचा एकूण सूर होता. दुसरा डाव सुरू झाला, लॉयलचे खेळाडू गुडघ्यावर बसले आणि मग चालत मैदानाबाहेर गेले. सामना गेला, त्याबरोबर बाद फेरीची आशाही. शिवी दिल्याचं त्या खेळाडूने नाकारलं. लीगने चौकशी करून त्याला सहा सामने बंदी आणि दंड केला. फिनिक्सने प्रशिक्षकांना काही काळ रजेवर पाठवलं.

सामना सोडून देण्याच्या गोष्टी आपल्याला क्रिकेटमधून ठाऊक आहेत. २००६ ची ओव्हल कसोटी आठवा. चेंडू कुरतडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानचा संघ चहापानानंतर वेळेवर उतरला नाही आणि पंचांनी इंग्लंडला विजय दिला. २००८ मध्ये आयसीसीने तो निकाल अनिर्णित करून टाकला, २००९ मध्ये पुन्हा इंग्लंडचा विजय. तिथला राग संघाच्या स्वतःच्या अब्रूसाठी होता. लॉयलच्या खेळाडूंपैकी बहुतेकांना त्या संध्याकाळी कोणी काहीच बोललं नव्हतं. आघाडीही त्यांचीच होती. खेळत राहिले असते तर कोणी नावं ठेवली नसती, आणि एका वर्षाच्या करारावर जगणाऱ्या पोरांना तसं करायला भरपूर कारणं होती. म्हणून मला त्यांचा निर्णय ओव्हलपेक्षा मोठा वाटतो.

फिनिक्स त्या वर्षी अंतिम सामन्यापर्यंत गेला, आणि टॅम्पा बेच्या संघात कोविडचे रुग्ण सापडल्याने तो सामनाच रद्द झाला. २०२० चं विजेतेपद कोणालाच मिळालं नाही.

लॉयल पुढची तिन्ही वर्षं, २०२१, २०२२ आणि २०२३, बाद फेरीत पोचला. पण मे २०२३ मध्ये मेजर लीगने सॅन डिएगोत नवा क्लब जाहीर केला. सुमारे ५० कोटी डॉलरचं प्रवेशशुल्क, शहरातलं नवंकोरं मोठं स्टेडियम. त्याच शहरात दुसऱ्या श्रेणीचा क्लब तग धरणं अवघड होतं, आणि ऑगस्टमध्ये लॉयलने मोसमाअखेर गाशा गुंडाळत असल्याचं सांगितलं. खेळातल्या कामगिरीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

शेवटचा सामना ऑक्टोबरमध्ये टोरेरोवर झाला, बाद फेरीतला. समोर फिनिक्स रायझिंग. जादा वेळेत लॉयल ४-३ असा हरला. हा निकाल मात्र जसा लागला तसाच तक्त्यात आहे. फिनिक्सने पुढे पेनल्टी शूटआउटवर त्या वर्षीचं विजेतेपद जिंकलं. कॉलिन मार्टिन पुढच्या मोसमासाठी नॉर्थ कॅरोलिना एफसीकडे गेला, त्याच लीगमध्ये, दुसऱ्याच श्रेणीत.