उधाणाचे पाणी शेतात शिरले की भात का करपतो? समजून घ्या वनस्पती पेशी आणि प्राणी पेशी

पेण तालुक्यातील गडब आणि आसपासच्या खारेपाटात उधाणाच्या भरतीने बांध फुटला की खाडीचे पाणी भातशेतीत शिरते. शेतात पाणी उभे असते, तरी रोपे सुकतात. असे का होते, याचे उत्तर पेशीत आहे.

पेशी म्हणजे काय?
पेशी हा सजीवाचा सर्वांत लहान घटक. रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या कापात छोटे कप्पे पाहिले आणि त्यांना 'सेल' म्हटले. त्याचाच मराठी शब्द पेशी.

दोन्ही पेशींत काय सारखे असते?
- पेशीपटल: पातळ आवरण. आत काय घ्यायचे, बाहेर काय सोडायचे, हे ते ठरवते.
- केंद्रक: यात डीएनए असतो. पेशीचे काम इथून चालते.
- तंतुकणिका: अन्नातून ऊर्जा मिळवून देते.
- पेशीद्रव्य: हे सर्व घटक ज्यात असतात तो द्रव.

फरक काय?
वनस्पती पेशीला पेशीपटलाच्या बाहेर सेल्युलोजची कडक पेशीभित्तिका असते. आत मोठी रिक्तिका, म्हणजे पाण्याची पिशवीच असते. हिरव्या भागांत हरितलवके असतात आणि तीच सूर्यप्रकाशात अन्न बनवतात. मुळांच्या पेशींत ती नसतात. प्राणी पेशीला भित्तिका आणि हरितलवके नसतात, रिक्तिका असल्या तर लहान असतात.

मग मीठ काय करते?
पेशीपटलातून पाणी कमी क्षाराकडून जास्त क्षाराकडे जाते. याला परासरण म्हणतात. समुद्राच्या पाण्यात साधारण ३.५ टक्के क्षार असतात. खाडीचे पाणी जितके खारट, तितके मुळांना पाणी ओढणे कठीण. रिक्तिका रिकामी होऊ लागते, पेशीचा ताठपणा जातो आणि रोप मान टाकते. शिवाय आत शिरलेले सोडियम पेशीतील रासायनिक क्रिया बिघडवते.

प्राणी पेशीही खाऱ्या पाण्यात आकसते. गोड्या पाण्यात मात्र मोठा फरक दिसतो. तांबडी रक्तपेशी शुद्ध पाण्यात टाकली तर फुगून फुटते. वनस्पती पेशी भित्तिकेमुळे फुटत नाही, फक्त ताठ होते. म्हणूनच सलाइनमध्ये ०.९ टक्के मीठ घातलेले असते.

मग खाडीकाठची तिवरे कशी जगतात?
तिवराची मुळे बरेचसे मीठ बाहेरच अडवतात. आत आलेले मीठ काही प्रमाणात रिक्तिकेत साठवले जाते आणि काही पानांवरील ग्रंथींतून बाहेर टाकले जाते. पानांवर मिठाचे कण दिसतात ते यामुळेच. भाताला हे इतके जमत नाही. म्हणून पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीत तग धरणारे 'पनवेल' नावाचे भाताचे वाण तयार केले.

घरी करून पाहा
बटाट्याच्या दोन चकत्या घ्या. एक साध्या पाण्यात, दुसरी खूप मीठ घातलेल्या पाण्यात ठेवा. तासाभराने वाकवून पाहा. पहिली ताठ, दुसरी लुळी. खारेपाटातल्या भाताचे हेच होते.