मिरासी आणि उपरी : वेब-एपीआय आणि प्रोग्रॅमरांचे मेळावे

संगणकाच्या इतिहासात यंत्रे, कंपन्या आणि त्यांचे संस्थापक यांना जेवढी जागा मिळते, तेवढी प्रोग्रॅमरांच्या मेळाव्यांना मिळत नाही. हे मेळावे अल्पजीवी असतात आणि त्यांचे दप्तर क्वचितच राखले जाते, हे त्याचे एक कारण होय. तथापि एखादे तंत्र लोकांच्या हाती कसे गेले आणि ते हाती राहिले की नाही, हे समजून घ्यावयाचे तर या मेळाव्यांकडेच वळले पाहिजे. प्रस्तुत टिपणात २००६ सालच्या दोन मेळाव्यांची तुलना करून एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे : दुसऱ्याची जमीन ज्यांनी कसली, त्यांचा त्या जमिनीवर कोणता हक्क उत्पन्न झाला?

एका आज्ञावलीने दुसरीकडे काम कसे मागावे, याविषयीचा ठराव म्हणजे एपीआय. ही कल्पना वेबहून जुनी आहे. केंब्रिज येथील एडसॅक हा संगणक १९४९ साली चालू झाला. त्यासाठी वारंवार लागणाऱ्या उपआज्ञावल्या छिद्रांकित कागदी फितींवर तयार करून कपाटात ठेवीत. विल्क्स, व्हीलर आणि गिल यांच्या १९५१ सालच्या ग्रंथात या संग्रहाचे सविस्तर वर्णन आहे. तेथे फीत उतरवून घेतली की ती घेणाऱ्याची होई. वेब-एपीआयमध्ये नेमकी हीच गोष्ट पालटली. ईबेने २००० साली आणि ॲमेझॉनने २००२ साली आपली द्वारे उघडली, तेव्हा बाहेरच्या प्रोग्रॅमरला फीत मिळाली नाही, तर विनंती करण्याची मुभा मिळाली. ठराव सर्वांना ठाऊक असला, तरी काम मालकाच्या घरी, मालकाच्या यंत्रावर होणार होते.

फेब्रुवारी २००५ मध्ये गूगलने नकाशांची सेवा सुरू केली. तिला अधिकृत एपीआय नव्हता. पॉल रेडमाकर यांनी तिची रचना स्वतः उलगडून पाहिली आणि क्रेगलिस्टवरील भाड्याच्या घरांच्या जाहिराती त्या नकाशावर मांडून दाखविल्या. ‘हाउसिंगमॅप्स’ या नावाने हा प्रयोग गाजला. गूगलने त्याला मज्जाव केला नाही. उलट, जूनमध्ये अधिकृत एपीआय प्रसिद्ध केला आणि पुढे रेडमाकर यांना आपल्याकडे नोकरी दिली. अशा संमिश्र रचनांना ‘मॅशअप’ हे नाव रूढ झाले.

फेब्रुवारी २००६ मध्ये कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे, संगणक-इतिहासाच्या संग्रहालयात, पहिला ‘मॅशअप कॅम्प’ भरला. व्याख्यानांचा कार्यक्रम आधी ठरलेला नव्हता. आलेल्यांनीच विषय मांडून बैठकी लावल्या. प्रोग्रॅमर आपापली कामे लहान गटांना दाखवीत. येथे वाखाणल्या गेलेल्या ‘पॉडबॉप’मध्ये शहराचे नाव दिले असता तेथे होणाऱ्या जलशांची माहिती आणि त्या कलावंतांची ध्वनिमुद्रणे एकत्र मिळत. द्वारे उघडणाऱ्या कंपन्याही या मेळाव्यात होत्या. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसल्यामुळे दिलेली मुभा ही जणू वहिवाटच आहे, असा समज दृढ होणे स्वाभाविक होते.

त्याच वर्षी मे महिन्यात इंग्लंडच्या दक्षिणेस आइल ऑफ वाइट या बेटावर निराळा मेळावा भरला. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ साली सुरू केलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या उपक्रमाचे स्वयंसेवक जीपीएस यंत्रे घेऊन बेटावरील रस्ते फिरले आणि त्यांनी स्वतःचा नकाशा तयार केला. ऑर्डनन्स सर्व्हे या शासकीय संस्थेचे नकाशे स्वामित्वहक्काने बांधलेले असल्यामुळे हा खटाटोप आवश्यक होता. या उपक्रमालाही एपीआय आहे. परंतु त्यामागील माहिती खुल्या परवान्याने सर्वांची आहे आणि ती कोणालाही समग्र उतरवून घेता येते.

मराठेशाहीतील जमीनधाऱ्याच्या अभ्यासकास हा भेद परिचित वाटेल. ठरलेला सारा भरणाऱ्या मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची असे. उपरी मात्र कौलाने जमीन कसत असे आणि कौल सरला की त्याचा आधार सरे. माउंटन व्ह्यूचे प्रोग्रॅमर कितीही कुशल असले तरी उपरी होते; बेटावर पायपीट करणाऱ्यांनी मिरास निर्माण केली.

पुढील घटनांनी हा भेद उघड केला. २०११ च्या अखेरीस गूगलने नकाशांच्या मोठ्या वापरावर आकार जाहीर केला. फेब्रुवारी २०१२ मध्ये फोरस्क्वेअर या कंपनीने गूगलचा नकाशा सोडून ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर आधारलेला नकाशा स्वीकारला. त्याच जूनमध्ये गूगलने दर १,००० नकाशांमागे ४ डॉलरवरून ५० सेंटवर आणला. मिरासीची जमीन शेजारी असल्याने उपऱ्याचा खंड उतरला, असे म्हणण्यास येथे आधार आहे. जेथे असा पर्याय नव्हता, तेथे परिणाम निराळा झाला. ट्विटरने २०१२ साली बाहेरच्या नव्या उपयोजनांवर १,००,००० वापरकर्त्यांची मर्यादा घातली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यांना बंदीच केली. रेडिटने त्याच वर्षी लावलेल्या आकारामुळे ‘अपोलो’ हे लोकप्रिय उपयोजन ३० जून रोजी बंद पडले.

न्यायालयाने या प्रश्नाचा निकाल लावलेला आहे, असे कोणी म्हणेल. गूगल विरुद्ध ओरॅकल या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२१ रोजी जावा-एपीआयच्या सुमारे ११,५०० ओळींची नक्कल हा उचित वापर ठरविला. परंतु तो निर्णय ठरावाच्या शब्दांपुरता आहे. त्यामागील घरात शिरण्याचा हक्क त्यातून मिळत नाही.

मिरास फुकट टिकते, असेही समजू नये. खुल्या नकाशाची माहिती सर्वांची असली तरी यंत्रे चालविण्याचा खर्च कोणास तरी सोसावा लागतो. म्हणूनच फोरस्क्वेअरने तयार नकाशे मॅपबॉक्स या कंपनीकडून घेतले. शिवाय उपऱ्यांचे कार्य व्यर्थ गेले, असा निष्कर्षही अयोग्य होईल. अधिकृत द्वार उघडले ते रेडमाकर यांच्या अनाहूत प्रयोगानंतर.

इतिहासकाराच्या दृष्टीने मात्र हानी खरी आहे. एडसॅकची आज्ञावली आजही वाचून तपासता येते. दूरच्या सेवेवर उभारलेली रचना, ती सेवा थांबली म्हणजे पुन्हा चालविता येत नाही. साधनच नष्ट होते. म्हणून अशा मेळाव्यांचा अभ्यास करणाऱ्याने तेथे काय बांधले गेले एवढेच न पाहता, ते कोणाच्या जमिनीवर आणि कोणत्या कौलाने बांधले गेले, हे प्रथम नोंदवून ठेवावे.